निसाब आणि काकूची काठवट

आमच्या बोरीच्या घरात जे काही शिक्षण झालं ते काठवटीत झालं. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. ही काकूच्या माहेरून आलेली होती आणि तिला मधोमध एक चीर होती. काकू चुलीवर तवा ठेवायची, काठवटीत ज्वारीचं पीठ घेऊन हाताने सपाट करायची आणि म्हणायची, "हं गिरजे, काड." मी बोटाने पिठात अक्षर काढायची. काकू ते बघायची, त्याच्यावरून आपलं बोट एकदा फिरवायची, मोठ्याने म्हणायची आणि मग त्यावर आधणाचं पाणी ओतून पीठ मळायला घ्यायची. अक्षर भाकरीत जायचं आणि भाकरी आमच्या पोटात. अख्खी बाराखडी आमच्या घराने अशी पचवली. पुढे मी मास्तरीण झाले, जन्मभर खडूने फळे भरले, पण काकू जितक्या झपाट्याने शिकली तितक्या झपाट्याने माझ्या वर्गात कुणी शिकलेलं मला आठवत नाही.

घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे आम्ही. दुकानात मीठ, गूळ, खोबरं, सुपारी आणि गोड्या तेलाचे डबे. त्या सगळ्यांचा मिळून एक वास घरभर असायचा आणि माझ्या परकरातून तो शाळेतही यायचा. पहाटे अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पूजा असे. कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते डोळे मिटून बसले की घरात भांडं वाजायचं नाही. पूजा उरकली की मात्र आवाजांना ऊत यायचा. दुकानात तराजूची साखळी, आत जातं, आणि ज्वारी निसवून कणसं आली की गावाबाहेरच्या शेतांतून पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या. धाकटे काका माल घेऊन जिंतूर आणि आसपासचे बाजार करायचे, त्यामुळे ते घरी कमी आणि वाटेवर जास्त. माझी आई, तिला मी माय म्हणायची, बोलायला फार थोडी. तिच्या वाटचं बोलणंही काकू बोलून टाकायची. बांगड्या भरायला आलेला कासार आमच्या दाराशी भाव सांगताना अडखळायचा, अशी तिची जीभ. पण थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही ही आमच्यातली रीत, आणि ती काकू कडक पाळायची. अप्पा आत आले की पदर पुढे आणि तोंड बंद. "अप्पाला म्हनाव, त्याल सरलं," असं ती माझ्या कानात सांगायची, आणि अप्पा तिथेच पाटावर बसलेले असले तरी मी ते पुन्हा म्हणून दाखवायची. लग्न होऊन ती घरात आल्यापासून अप्पांनी तिचा आवाज समोरून असा ऐकलाच नव्हता. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पोरींची शाळा मशिदीमागच्या दोन खोल्यांत होती. चौथीपर्यंत वर्ग, मराठी आणि जोडीला थोडी उर्दू. शिकवायला उस्तानी झैनबबी. परभणीच्या, एकट्या राहणाऱ्या, उंच, आणि तोंडात सदा पान. त्यांच्याकडे छडी नव्हती, एकच नियम होता. दिवसा जो धडा घेतला तो दिवेलागणीच्या आत घरात कुणाला तरी द्यायचा. पाठ झाला का, असं त्या कधी विचारत नसत. सकाळी दारात उभ्या राहून एकेकीला विचारायच्या, "क्या गे, किसको दी?" दिला नसेल तर त्या दिवशी नवा धडा नाही, ती पोरगी नुसती बसून राहायची, आणि नुसतं बसण्याइतकी वाईट शिक्षा मी पुढे कुठल्याच शाळेत पाहिली नाही. शेजारच्या कुणब्याची गंगू माझ्या वर्गात होती. ती आपल्या आईला कापूस वेचताना पाढे द्यायची, एका सरीतून ही विचारायची आणि दुसऱ्या सरीतून आई उत्तर द्यायची.

मी आधी मोठ्या आशेने अप्पांकडे गेले होते. अप्पा मोडी झरझर लिहायचे, पण उर्दू त्यांना येत नव्हती. कचेरीचा कागद आला की जिंतूरला जाऊन मुन्शीकडून वाचून घ्यावा लागे आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं. म्हणून मी मुद्दाम उर्दूचा धडा नेला. त्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं. "पोरीकडून धडा घ्यायची येळ अजून आली न्हाई माज्यावर. जा, काकूला दे." मला राग आला, पण काकूकडे गेले. काकू म्हणाली, "मला कामून? मी काय कारकुनी करायलीय का?" मग माझं तोंड बघून विरघळली. "बसून शिकायला मला येळ न्हाई. भाकरी करता करता काय द्यायचं ते दे." काठवटीची सुरुवात अशी झाली.

वर्षभरात काय काय शिकायचं ते सरकारातून ठरून यायचं, त्याला निसाब म्हणत. रोज उठून धडा द्यायच्या नियमाला कंटाळून एकदा मी जरा ठसक्यातच उस्तानींना विचारलं, "ये देने का निसाब में है क्या?" त्या हसल्या. "निसाबीच में है गे. लफ्ज में है," म्हणाल्या, आणि पानाचा डबा बाजूला ठेवून त्यांनी मला समजावून सांगितलं. निसाब हा शब्द अरबीतला. शाळेत यायच्या आधी तो घरातला होता. घरात खाऊनपिऊन, सगळ्यांचं भागवून एका ठरलेल्या मापापर्यंत माया उरली, की त्यातून गरिबाला देणं धर्माने भाग पडतं. त्या मापाचं नाव निसाब. मापाच्या खाली असलात तर तुमच्यावर बंधन नाही. मापाला पोचलात, की सुटका नाही. "इत्ता हुआ तो देनाच देना," उस्तानी म्हणाल्या. "मैं तुम लोगां को निसाब पढ़ातूं बोले तो क्या पढ़ातूं? इत्ता पढ़ातूं के देना फर्ज हो जाए. अपने पास दबा के बैठे तो वो काहे का निसाब?" मला तेव्हा सगळं उमगलं असं नाही. पण संध्याकाळी मी ते काकूला सांगितलं आणि काकूला ते माझ्या आधी कळलं. "म्हंजी संक्रांतीच्या वाणावानी," ती म्हणाली. "वाण काय घरात ठिवायला आनतेत का? लुटायलाच आनतेत."

या शब्दाने माझा पिच्छा पुढेही सोडला नाही. परभणीला नोकरीत असताना शेजारच्या एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांना मी तो पुन्हा विचारला. ते म्हणाले, मुळाशी रोवणं, उभं करणं असा अर्थ आहे, आणि अरबीत सुरीच्या मुठीलाही निसाबच म्हणतात. मूठ नसलेली सुरी आधी आपलाच हात कापते हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं, तशी शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. नंतर निजामाचं राज्य गेलं, त्याबरोबर निसाब गेला आणि अभ्यासक्रम आला. शब्द वाईट नाही. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं आणि क्रम म्हणजे एकापुढे एक पाऊल, पण पोचल्यावर काय करायचं ते त्यात सांगितलेलं नाही. माझा नातू कॉलेजात शिकवतो, तो सिलॅबस म्हणतो. तोच मला सांगत होता की हा शब्द जुन्या ग्रंथांच्या गुंडाळीला लावायच्या चिठ्ठीच्या ग्रीक नावावरून निघाला, आणि तेही कुठल्याशा नकलनविसाने बिघडवलेलं. मी म्हटलं, बघ बाबा, तुझा शब्द चिठ्ठीतून आला आणि माझा दानातून. तो हसला. हसू दे.

चौथी संपत आली तसं मला अन्न गोड लागेना. बोरीत पोरींना पुढे वर्गच नव्हता. पाचवी हवी तर परभणी गाठायची, आणि पोरगी परभणीला एकटी राहील हे अप्पांच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं. उलट सेलूच्या एका घरून मला मागणी आली होती. घर चांगलं, कापसाचा व्यापार, मुलगाही म्हणे समजूतदार. पण मला पाचवीत बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा अप्पा दुकानात भरल्या लोकांत म्हणाले, "बोरीत पाचवी निगाली तर शीक. न्हाई निगाली तर माघात सोयरीक." लोक हसले. बोरीत पोरींची पाचवी निघणं म्हणजे करपरा नदीला उन्हाळ्यात पूर येण्यासारखं होतं, आणि अप्पांनी तोच हिशेब धरून शब्द दिला होता.

पाचवी उघडायची की नाही ते ठरवणार होत्या औरंगाबादच्या मोहतमीमा, म्हणजे पोरींच्या शाळा तपासणाऱ्या बाई. उस्तानींनी त्यांच्याकडे मागणी केली होती आणि त्यांचं उत्तर उस्तानींनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. खेड्यातल्या पोरी चौथी करतात, चुलीपुढे बसतात आणि वर्षभरात सगळं विसरून जातात, तिथे पाचवी म्हणजे वाळूत ओतलेलं पाणी. तरी पौषात दौऱ्यावर आले की स्वतः बघेन, असंही त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवशी उस्तानींनी पानाला हात लावला नाही. आमच्या हुशारीबद्दल बाईंना शंका नव्हती, शिकलेलं घरात टिकतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी हे काकूला सांगितलं. "मंग घरच दाखवा की तिला," काकू तवा उतरवत म्हणाली. तिचं नेहमीचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं.

पण काकूने ते सोडलं नव्हतं. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया काही ना काही वाण लुटतात, कुणी फण्या, कुणी सुया, कुणी हळकुंडं. काकूने त्या वर्षी सगळ्या गल्लीत सांगून टाकलं की ती अक्षर लुटणार. "फण्या लुटून लुटून गावातल्या उवा सरल्या," ती म्हणाली. "औंदा ज्येनं त्येनं आपलं नाव न्यायचं." येईल त्या बाईने काठवटीत आपलं नाव काढायचं, मगच हळदीकुंकू आणि तिळगूळ. ज्यांना येत नाही त्यांना आधी शिकवायचं. मग काय, आम्ही पोरी घरोघर सुटलो. शिकलेली बाई दुसरीला शिकवायची, दुसरी तिसरीला. राखेत, मातीत, पिठात, जिथे बोट बुडेल तिथे नावं उमटायला लागली. माय तेवढी लांब बसून तीळ निवडत राहिली. "मला नगं बाई," म्हणाली.

संक्रांत उजाडली. उसाचे करवे, बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे यांनी सुगडी भरली, तिळाच्या पोळ्यांवर तूप पडलं आणि दुपारपासून मागचं अंगण बायांनी भरून गेलं. पुरुषांना आत मज्जाव होता. अप्पा चार लोकांबरोबर दुकानाच्या अंगणाकडच्या ओट्यावर बसले होते, मध्ये फक्त एक पडदा. शाळेला त्या दिवशी सुट्टी नव्हती, पण पोरी सुट्टीवर होत्या, आणि नेमकी त्याच दुपारी मोहतमीमांची बैलांची दमणी गावात शिरली. हे मला नंतर उस्तानींकडून कळलं. बाईंनी रिकामी शाळा पाहिली. सतरंजीवर एक मांजर झोपलं होतं. "मैं बोली थी ना?" एवढंच म्हणून त्या परत दमणीत जाऊन बसल्या. तेव्हा उस्तानी बैलांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पोरी कुठे आहेत ते बघून तरी जा.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. पडदे लावलेली दमणी मागच्या दाराशी थांबली आणि उस्तानींबरोबर एक चष्मा लावलेल्या, शांत चेहऱ्याच्या बाई आत आल्या. काकूला वाटलं, उस्तानींची कुणी पाहुणी सणाला आली असेल. तिने पाट दिला, काठवट पुढे सरकवली आणि म्हणाली, "बसा. आदी नाव काडा, मंग तिळगूळ." उस्तानींनी ओढणी तोंडावर धरली. बाईंनी काठवटीकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, बांगड्या मागे सारल्या आणि पिठात उजवीकडून डावीकडे लिहायला लागल्या. "गिरजे, हे तुज्या उर्दूच्या पुस्तकातलं हाय. वाच," काकू म्हणाली. मी वाचलं. बिल्किस बेगम, आणि नावाच्या पुढे, बहुतेक हाताच्या सवयीने, हुद्दा. मोहतमीमा हा शब्द मी दोनदा वाचला, मग मोठ्याने म्हटला. काकूने पदर सावरला. मग तिने तिळगुळाचा सगळ्यात मोठा लाडू उचलून बाईंच्या हातावर ठेवला. "बरं झालं आलात. तुमचीच वाट बगायलो होतो आमी."

तिने पीठ पुन्हा सपाट केलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. एकेक बाई बसायची, नाव काढायची, आणि मोहतमीमा विचारायच्या, "तुमको किसने दी?" गंगूची आई म्हणाली, "माज्या गंगीनं." न्हाव्याची सखू म्हणाली, "गंगीच्या मायनं, कापूस येचता येचता." कुंभाराची सून म्हणाली, "सखूनं, डोकं इचरता इचरता." अशी ती साखळी अंगणभर फिरत फिरत आम्हा परकऱ्या पोरींपाशी येऊन थांबायची. मग जना बसली. चौथी करून सासरी गेलेली, पहिल्या संक्रांतीला माहेरी आलेली. बाईंनी पिशवीतून एक छापील पुस्तक काढून मधलंच पान तिच्यापुढे धरलं. जनाने ते घडाघडा वाचलं. "भूली नहीं?" बाईंनी विचारलं. जनाला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "इसरू कशी? सासूला रोज द्यायलीय ना मी."

सगळ्यात शेवटी माय उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. हातातलं सूप तिने खाली ठेवलं, पाटावर बसली आणि पिठात नाव काढलं. जरा वाकडं, पण पुरतं. पार्वती. "किसने दी?" माय म्हणाली, "कुनी न्हाई. ह्या दोगी बोलायच्या, मी जात्यावरून ऐकायची." मला रडू आवरलं नाही. रोज तिच्या पाठीमागे बसून मी काकूला शिकवत होते आणि माझ्याच आईने माझा प्रत्येक धडा गुपचूप घेतला होता.

मोहतमीमांनी पुस्तक परत पिशवीत ठेवलं. चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "पाँचवीं खुल जाएगी. मगर बैठेगी कौन? लड़कियाँ तो ब्याह के चली जातीं." उस्तानींनी मला पुढे केलं. बाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि पलीकडच्या अप्पांना मोठ्याने विचारलं, "सेठजी, पाँचवीं खुली तो आपकी लड़की बैठेगी ना?" अप्पांचा आवाज आला, पडलेला. "बगू. सोयरिकीचं बोलून ठिवलंय. लोकाला काय सांगावं?" हातातोंडाशी आलेला घास जातोय हे मला दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, खणखणीत, थेट ओट्यापर्यंत जाणारा. "बसल. गिरजा पाचवीत बसल. भावजींनी चार मानसात सबूद दिलाय, आन् ह्या घरचा सबूद खाली पडत न्हाई." अंगणात सगळ्या बाया जागच्या जागी थांबल्या. काकू बोलली होती. थोरल्या दिराशी, आणि सगळ्या गावाच्या देखत. पदर होता तिथेच, पुढे ओढलेला, फक्त आवाज त्याच्यातून बाहेर पडला होता. पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग अप्पा बोलले, मला नाही, मायला नाही, थेट पडद्याकडे तोंड करून. "धाकटी म्हनती तसं. बसल." त्यावर अंगणात जो गलका उठला तो माझ्या कानात आजही आहे. काकूने मला उचलून गरगर फिरवलं, गंगू नाचली, उस्तानींनी भरल्या डोळ्यांनी एक मोठं पान लावलं आणि मोहतमीमांनी आणखी एक तिळगुळाचा लाडू मागून घेतला. जन्मात पुढे मला मानपान मिळाले, शाली मिळाल्या. पण त्या दुपारी जिंकले तितकी मी पुन्हा कधीच जिंकले नाही.

सेलूला निरोप गेला आणि पाचवी निघाली. आता सगळे विषय उर्दूतून होते. पहिल्या दिवशीचा धडा घेऊन मी घरी आले तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. काकूने नेहमीसारखं पीठ सपाट केलं, पण बोट पुढे केलं नाही. "आज मला नगं," ती म्हणाली. "आज घेनारा दुसरा हाय." अप्पा दुकान बंद करून आत आले होते. पाट ओढून ते काठवटीसमोर बसले, विभूतीचं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते कचेरीच्या कागदावरचं... त्यातलं पयलं अक्षर कोन्तं?" मी पिठात एक उभी रेघ काढली. अलिफ. अप्पांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. "मोठ्यानं म्हना, भावजी," काकू म्हणाली, आणि अप्पांनी मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तानी दारात उभ्या होत्या. "क्या गे गिरजा, किसको दी?"

"अप्पाला," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाजूला सरून त्यांनी मला आत घेतलं आणि नवा धडा काढला.